१,९४,६०० मतांचं खापर: फ्रान्स, एप्रिल २००२

रविवार, २१ एप्रिल २००२. फ्रान्समध्ये मतदान पूर्ण होईपर्यंत निकालाचे अंदाज जाहीर करायला बंदी असते. त्यामुळे रात्री आठच्या ठोक्याला सगळ्या वाहिन्यांवर चेहरे एकदमच झळकतात. त्या रात्री दोन चेहरे आले: राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि अतिउजव्या राष्ट्रीय आघाडीचे जाँ-मारी ल पेन. पाच वर्षं सरकार चालवणारे समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ तिसरे आले होते. तिसरा आला म्हणजे खेळ संपला, कारण पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर दुसऱ्या फेरीत पहिले दोघंच उरतात. जोस्पँ प्रचार कार्यालयातल्या मंचावर आले, पराभवाची जबाबदारी घेतली आणि ही निवडणूक संपली की राजकारण सोडतो असं सांगून टाकलं. समोरची गर्दी "नाही, नाही" ओरडत राहिली.

शिराक यांना १९.८८ टक्के, ल पेन यांना १६.८६ आणि जोस्पँ यांना १६.१८. ल पेन आणि जोस्पँ यांच्यातलं अंतर १,९४,६०० मतांचं. मतदार यादीत ४ कोटी १२ लाख नावं असलेल्या देशात हा आकडा किरकोळच, आणि आकडा किरकोळ असला की गुन्हेगार शोधायचा मोह अनावर होतो.

गुन्हेगार त्याच रात्री सापडले. एकूण १६ उमेदवारांमध्ये तीन ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीला मानणारे जहाल डावे, होते. कामगार संघर्ष या संघटनेच्या आर्लेत लागिये यांना ५.७२ टक्के, क्रांतिकारी कम्युनिस्ट लीगच्या ओलिव्हिए बझांसनो यांना ४.२५ आणि कामगार पक्षाच्या दानिएल ग्लुकस्टाइन यांना ०.४७. तिघांची मिळून २९,७३,२९३ मतं, म्हणजे जोस्पँ यांना कमी पडलेल्या मतांच्या पंधरापट. आरोपपत्र लिहायला आणखी काय हवं? जहाल डाव्यांनी मतं खाल्ली, ल पेनला दुसऱ्या फेरीत नेऊन बसवलं, आता रस्त्यावर येऊन फॅसिझमच्या नावाने कशाला ओरडता, असा सूर समाजवाद्यांनी लावला. फ्रान्समध्ये आजही २१ एप्रिल म्हटलं की 'मतं वाया घालवलीत तर असं होतं' हाच धडा पुढे केला जातो.

हा धडा मला पटत नाही. जहाल डाव्यांची बाजू त्यांच्या घोषणा बाजूला ठेवून नुसत्या आकड्यांवर तपासली, तरी ती बरीच भक्कम निघते. मात्र त्याच तपासात ही मंडळी स्वतः कुठे कमी पडली, तेही उघडं पडतं, आणि ते त्यांना फारसं बोलायला आवडत नाही.

सात वर्षांपूर्वीचा आकडा

मतविभागणीचा आरोप खरा मानायचा तर आधीची निवडणूक शेजारी ठेवून बघावी लागते. १९९५ मध्ये जोस्पँ पहिल्या फेरीत पहिले आले होते: २३.३० टक्के, ७०,९७,७८६ मतं. त्याही वेळी लागिये मैदानात होत्या आणि त्यांना १६,१५,५५२ मतं पडली होती. २००२ मध्ये त्यांना मिळाली १६,३०,०४५, म्हणजे सात वर्षांत वाढ पंधरा हजारांचीसुद्धा नाही. ज्या बाईंनी तेवढीच मतं घेऊनही जोस्पँ पहिले आले होते, त्याच बाई आता त्यांच्या पराभवाचं कारण कशा झाल्या?

बदललं होतं ते दुसरीकडे. जोस्पँ यांची मतं ७१ लाखांवरून ४६ लाखांवर आली. त्यांच्या सरकारात बसलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे रोबेर यू २६ लाखांवरून ९ लाख ६० हजारांवर घसरले. दोघांनी मिळून ४१ लाखांहून जास्त मतं गमावली. आणि मतदानालाच न गेलेल्यांची संख्या १९९५ च्या तुलनेत सुमारे ३० लाखांनी वाढली. ल पेन यांची वाढ किती? दोन लाख तीस हजारांच्या आसपास. अतिउजव्यांची लाट आली असं त्या आठवड्यात सगळेच लिहीत होते. लाट होती, नाही असं नाही, पण ती त्या वेळी जेवढी वाटली तेवढी ल पेन यांच्या मतपेटीत दिसत नाही. खरी पडझड सत्ताधारी डाव्यांच्या घरात झाली होती.

बझांसनो यांची १२ लाख मतं मात्र नवी होती, हे कबूल करायला हवं. १९९५ मध्ये लीगचा उमेदवारच नव्हता. नेयी-स्युर-सेन या श्रीमंत उपनगरात टपाल वाटणारा हा पोस्टमन मतदानाच्या तीन दिवस आधी २८ वर्षांचा झाला. त्याला मत देणाऱ्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. तो उभाच नसता तर त्यातले सहापैकी एक जण तरी जोस्पँकडे गेला असता आणि अंतर भरून निघालं असतं, असं म्हणता येतं. पण मग हाच न्याय सगळ्यांना लावा. जोस्पँ यांचे माजी गृहमंत्री जाँ-पिएर शव्हेनमाँ सरकारातून बाहेर पडून उभे राहिले आणि १५ लाख मतं घेऊन गेले. सरकारात सामील असलेल्या हरित पक्षाचे नोएल मामेर जवळजवळ १५ लाख. सरकारचाच घटक असलेल्या डाव्या रॅडिकल पक्षाने क्रिस्तियान तोबिरा यांना उभं केलं, त्यांची ६ लाख ६० हजार. ज्या आघाडीला 'बहुरंगी डावे' म्हणून मिरवलं, तिचे सगळे रंग स्वतंत्रपणे मतपत्रिकेवर आले, आणि खापर मात्र जे कधीच सरकारात नव्हते त्यांच्या डोक्यावर फुटलं! शिवाय विभागणीचं गणित एकाच बाजूने मांडून चालत नाही. ल पेन यांच्यापासून फुटलेले ब्रुनो मेग्रे यांनीही ६,६७,००० मतं घेतली होती. सगळ्याच फुटी सांधायच्या म्हटल्या तर ल पेन ५४ लाखांच्या पुढे जातात.

यात एक गंमतही आहे. जोस्पँ स्वतः तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी संघटनेत होते, आणि २००१ मध्ये त्यांना संसदेत तशी कबुली द्यावी लागली होती. त्याच प्रवाहातून आलेला पक्ष म्हणजे ग्लुकस्टाइन यांचा कामगार पक्ष. जुन्या घरच्यांनी घेतलेली मतं १,३२,६८६, म्हणजे तिघांपैकी हे एकटेच असे की ज्यांची सगळीच्या सगळी मतं जोस्पँना मिळाली असती तरी उपयोग झाला नसता.

पाच वर्षांचं सरकार

आकड्यांनी आरोप खोडला, पण ४१ लाख लोक गेले का, याचं उत्तर आकडे देत नाहीत. ते १९९७ ते २००२ च्या कारभारात शोधायला हवं, आणि इथे जहाल डाव्यांचं विश्लेषण इतर कुणाहीपेक्षा जास्त नेमकं आहे असं मला वाटतं.

जोस्पँ यांचं सरकार निकम्मं नव्हतं. गरिबांना मोफत आरोग्यसेवा देणारा कायदा त्यांनी केला, तरुणांसाठी सरकारी मदतीच्या नोकऱ्या काढल्या, बेरोजगारी पहिली चार वर्षं घटत गेली. सगळ्यांत मोठं काम ३५ तासांच्या आठवड्याचं. कामगार चळवळीच्या जुन्या मागणीला १९९८ आणि २००० च्या दोन कायद्यांनी रूप मिळालं. मग कामगारच का रागावले?

कारखान्याच्या दारातून बघितलं तर कळतं. दुसऱ्या कायद्याने मालकांना कामाचे तास वर्षाच्या हिशेबात मोजायची मुभा दिली: वर्षाला १,६०० तास, सरासरी ३५. मग हंगामात मागणी वाढली की आठवड्याला ४२ तास, मंदीत २८. आधी जादा तास भरले की ओव्हरटाइमचा पैसा हातात यायचा. आता ते तास मंदीच्या आठवड्यांशी जुळवून घेतले गेले आणि ओव्हरटाइम बुडाला. पाळ्यांचं वेळापत्रक वारंवार बदलायला लागलं. बऱ्याच ठिकाणी करारातच पगारवाढ गोठवली गेली, आणि एवढं करून मालकांना सामाजिक सुरक्षेच्या हप्त्यात सरकारने सूट दिली. इंजिनिअर, अधिकारी, मोठ्या कचेरीतला नोकरदार यांना कायद्यातून खरोखरच जादा सुट्ट्या मिळाल्या आणि ते खूश होते. यंत्रावर उभं राहणाऱ्याला आपलं आयुष्य आता मालकाच्या कॅलेंडरवर चालतं एवढंच कळलं. रुग्णालयांतल्या परिचारिकांचे तास कागदावर कमी झाले, भरती त्या प्रमाणात झाली नाही. डाव्या सरकारने दिलेली देणगी कष्टकऱ्याला दंडासारखी वाटावी, ही किमया साधायला बरंच कौशल्य लागतं.

मग मिशलँ. टायर बनवणाऱ्या या कंपनीने सप्टेंबर १९९९ मध्ये नफा वाढल्याचं सांगितलं आणि त्याच दमात युरोपात ७,५०० नोकऱ्या कमी करणार असल्याचंही. शेअर वधारला. सरकार काय करणार, असं टीव्हीवर विचारल्यावर जोस्पँ म्हणाले की सगळ्याच गोष्टींची अपेक्षा सरकारकडून करू नये. हे वाक्य त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. त्याआधी १९९७ मध्ये बेल्जियममधल्या व्हिल्व्होर्डच्या रेनॉ कारखान्यासाठी लढण्याचं आश्वासन देऊन ते सत्तेवर आले होते. कारखाना त्याच वर्षी बंद झाला. २००१ मध्ये दानोन कंपनीने कॅले आणि रिस-ऑराँजी इथले बिस्किटांचे कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं, नंतर घरगुती उपकरणं बनवणारी मुलिनेक्स दिवाळखोरीत गेली आणि नॉर्मंडीतली शहरंच्या शहरं हादरली. दरम्यान फ्रान्स टेलिकॉम, एअर फ्रान्स, क्रेदी लियोने बँक यांतले सरकारी हिस्से विकले जात होते. एअर फ्रान्सच्या वेळी वाहतूकमंत्री कम्युनिस्ट होते, हे यू यांच्या ३.३७ टक्क्यांचा विचार करताना विसरू नये. ज्या पक्षाच्या उमेदवाराने १९६९ मध्ये २१ टक्के मतं मिळवली होती, त्याची ही गत. पाच टक्क्यांच्या खाली गेल्याने प्रचाराच्या खर्चाचा मोठा हिस्साही सरकारकडून परत मिळाला नाही. लागिये यांना मिळाला.

'नफ्यात असलेल्या कंपनीला कामगार काढायला बंदी' ही लागिये आणि बझांसनो दोघांचीही ठळक मागणी होती. ती अव्यवहार्य आहे असं अर्थतज्ज्ञ सांगत होते. असेलही. पण मिशलँच्या कामगाराला ती कळत होती, कारण त्याच्यावर नेमकं तेच ओढवलं होतं. क्रेदी लियोनेमध्ये आयुष्यभर कारकुनी केलेल्या, १९७४ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या स्त्री उमेदवार ठरलेल्या लागिये पाचव्यांदा उभ्या होत्या आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात "कामगार भगिनींनो, कामगार बंधूंनो" अशीच करत होत्या. कंटाळवाणं होतं खरं. पण माजी समाजवादी पंतप्रधान पिएर मोरुआ यांना स्वपक्षाच्या प्रचारात 'कामगार' हा शब्दच ऐकू येत नाही अशी तक्रार करावी लागली होती, हे लक्षात घेतलं की त्या कंटाळवाणेपणाची किंमत कळते.

जोस्पँ यांनी उमेदवारी जाहीर केली ती घरून वृत्तसंस्थेला फॅक्स पाठवून. दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर त्यांनी आपला कार्यक्रम समाजवादी नाही, तर आधुनिकतेचा आहे, असं सांगितलं. मध्यममार्गी मतदार जिंकायला दुसऱ्या फेरीचं भाषण त्यांनी पहिल्याच फेरीत केलं. मार्चमध्ये, बेरोजगारी कमी झाली की गुन्हे कमी होतील असं मानण्यात आपण भाबडे होतो, अशीही कबुली त्यांनी दिली. मतदानाला तीन दिवस उरले असताना ऑर्लेआंमध्ये एका वृद्धाला मारहाण करून त्याचं घर जाळलं गेलं, आणि त्याचा सुजलेला चेहरा वाहिन्या पुन्हा पुन्हा दाखवत राहिल्या. निवडणूक नोकरी, पगार, कारखाना यांवरून पोलीस आणि भीतीवर सरकली. ते मैदान ल पेन यांचं होतं. मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहण्यांमध्ये मत दिलेल्या कामगारांची पहिली पसंती ल पेन होते. हा त्या रात्रीचा सर्वांत कडू आकडा, आणि तो ट्रॉट्स्कीवाद्यांनाही तितकाच झोंबायला हवा होता.

दगडापेक्षा वीट मऊ

पुढचे पंधरा दिवस फ्रान्स रस्त्यावर होता. शाळकरी मुलं वर्ग सोडून मोर्चात आली. त्यातल्या बहुतेकांना अजून मताचा अधिकारही नव्हता. १ मे रोजी पोलिसांच्याच मोजणीने देशभर दहा लाखांहून जास्त लोक बाहेर पडले. 'फॅसिस्टापेक्षा लफंगा परवडला' अशा अर्थाची घोषणा फिरत होती, आणि लफंगा म्हणजे शिराक, कारण त्यांच्या पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातल्या भ्रष्टाचाराची प्रकरणं तेव्हा गाजत होती. नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून किंवा हातमोजे घालून शिराकना मत द्यायचं अशी टूम निघाली, तेव्हा निवडणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या घटना परिषदेला तंबी द्यावी लागली.

जहाल डावे इथे फाटले. लीगने ल पेन यांना रस्त्यावर आणि मतपेटीतही रोखा असं आवाहन केलं. वाक्य बेतलेलं होतं: मत ल पेनविरुद्ध टाका, शिराक हे नाव कुठेच नाही. लागिये यांनी पहिल्या रात्री गोलमाल उत्तर दिलं आणि नंतर कोऱ्या किंवा बाद मताची भूमिका घेतली. शिराक यांना कामगारांचं एकही मत नको. त्यावर त्यांना जे बोल ऐकावे लागले, ते कार्यकर्त्यांना पुढे कित्येक वर्षं पुरले.

लागिये यांचा युक्तिवाद कागदावर चुकीचा नव्हता. शिराक जिंकणार हे प्रत्येक पाहणी सांगत होती. मग त्यांना ५५ टक्के मिळाले काय आणि ८० मिळाले काय, ल पेन हरणारच होते. पण प्रत्येक जादा मत शिराक उद्या आपल्या धोरणांना मिळालेला कौल म्हणून दाखवणार होते. तसंच झालं. ५ मे रोजी शिराक यांना ८२.२१ टक्के मिळाले. पहिल्या फेरीत पाचातल्या एकाचीही पसंती नसलेला माणूस डाव्यांच्या मतांवर पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाला. नवे पंतप्रधान रॅफारँ यांच्या सरकारने वर्षभरातच ३५ तासांचा कायदा सैल केला आणि २००३ मध्ये सरकारी नोकरांना पूर्ण पेन्शनसाठी जास्त वर्षं नोकरी करायला लावली. त्याविरुद्धच्या संपात तीच माणसं उतरली, ज्यांनी वर्षभरापूर्वी नाक दाबून शिराकना मत दिलं होतं.

तरीही मी लीगच्या बाजूला झुकतो. ज्या मुलाचे आईबाप अल्जीरियातून आलेत, त्याच्यासाठी ल पेन यांची १८ टक्के आणि ३५ टक्के यांतला फरक पुस्तकी नव्हता. रस्त्यावर त्या मुलांसोबत चालायचं आणि वर त्यांना कोऱ्या मताचं तत्त्वज्ञान ऐकवायचं, हे बरोबर असलं तरी ऐकून घेतलं जात नाही. शिराक यांना मत न मागता ल पेनविरुद्ध मत मागणं ही पळवाट होती, पण निदान लोकांच्या बाजूने निघालेली.

तीस लाखांचं काय झालं

मला खरा प्रश्न पडतो तो इथून पुढे. जूनमध्ये संसदेची निवडणूक झाली. समाजवाद्यांचं पानिपत झालंच, शिराक यांच्या पक्षाने ५७७ पैकी साडेतीनशेहून जास्त जागा जिंकल्या. आणि कामगार संघर्ष व लीग? दोघं वेगवेगळे लढले. दोघांची मिळून टक्केवारी अडीचच्या आसपास. एप्रिलमधले दहा टक्के सात आठवड्यांत विरून गेले.

संसदेची पद्धतच छोट्या पक्षांना मारक आहे, हे स्पष्टीकरण खरं आहे पण पुरेसं नाही. १९९९ च्या युरोपीय निवडणुकीत हे दोघं एकत्र लढले होते आणि पाच खासदार निवडून आणले होते. २००२ ला मात्र एकत्र उमेदवार द्यायला जमलं नाही. लागिये यांची संघटना बंदिस्त होती: सभासद निवडून, घडवून, वर्षानुवर्षं पारखून घ्यायचे. लीगला चळवळींशी, जागतिकीकरणविरोधी तरुणांशी जोडून घ्यायचं होतं. दोघांचीही शिस्त आपापल्या जागी आदरणीय, पण तीस लाख लोकांनी दार ठोठावलं तेव्हा एकाकडेही त्यांना बसायला खोली नव्हती. एका उमेदवाराला मत दिलेल्या, कुठल्याही युनियनमध्ये नसलेल्या गोदामातल्या हमालाने सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, याचं उत्तर कुणीच तयार ठेवलेलं नव्हतं. २००४ मध्ये पुन्हा एकत्र येऊन बघितलं, जागा एकही आली नाही. २००७ मध्ये 'पुन्हा २१ एप्रिल नको' या भीतीने डाव्या मतदाराने पहिल्याच फेरीत समाजवादी उमेदवार पकडला. बझांसनो तरी ४ टक्क्यांवर टिकले. लागिये सहाव्या आणि शेवटच्या खेपेला १.३३ वर आल्या.

मतविभागणीचा आरोप फेटाळणाऱ्यांना आणखी एक परीक्षा द्यायची होती. २००२ मध्ये जोस्पँ यांच्या सरकारात व्यावसायिक शिक्षणाचं खातं जाँ-ल्युक मेलाँशों यांच्याकडे होतं. नंतर ते समाजवाद्यांपासून फुटून त्यांच्या डावीकडे गेले, आणि २०२२ मध्ये २१.९५ टक्के मतं मिळवून पहिल्या फेरीत तिसरे आले. दुसऱ्या जागी जाँ-मारी यांची मुलगी मारीन ल पेन, ४,२१,३०८ मतांनी पुढे. कम्युनिस्ट उमेदवार फाबियाँ रुसेल यांना आठ लाखांवर मतं पडली होती. जहाल डाव्यांनी त्या रात्री बोट कुणाकडे दाखवलं असेल? रुसेलनी मतं खाल्ली, असंच. वीस वर्षं ज्या हिशेबाला ते खोटा म्हणत आले, तो शब्दशः तसाच त्यांच्या तोंडी आला. आणि रुसेल यांनी दिलेलं उत्तरही तेच होतं, जे २००२ मध्ये लागिये देत होत्या: ही मतं तुमची नव्हतीच.